फवाऱ्यांचे तीन महिने

“मग ते फवारे गेले कुठे?” भंतेजींनी विचारलं.

विहारापुढच्या पत्र्याखाली ते आणि डॉ. उत्तम वाघचौरे दोघंच बसले होते. समोर टेकडीच्या पोटात खडीक्रशर चालू होता आणि विहाराच्या पायऱ्या पिठासारख्या धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. याच विहाराच्या वसतिगृहात राहून उत्तम शिकले. आता ते मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते आणि आपल्या संशोधनाचा छापील अहवाल गुरूंपुढे ठेवायला आले होते.

“फवारे प्रकल्पाचे होते, भंतेजी. अभ्यास संपला, तसे परत जमा केले.”

“अभ्यासात निघालं काय?”

उत्तम खुलले. “मोठं काम झालं. छातीचे डॉक्टर, इंजिनिअर, समाजशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, कामगार कायद्याच्या बाई... पाच शाखांची माणसं पहिल्यांदा एका टेबलाशी बसली. क्रशरच्या तोंडाशी पाण्याचे फवारे लावले तर धूळ सत्तर टक्क्यांनी कमी होते, हे आम्ही सिद्ध केलं. परदेशातून पत्रं आली.”

“किती दिवस होते फवारे?”

“तीन महिने.”

“काढून न्यायला पाचांतलं कोण आलं होतं?”

“त्यासाठी... भांडारातला माणूस पाठवला होता.”

“म्हणजे सहावी शाखा.”

उत्तम हसले. भंतेजी हसले नाहीत.

तेवढ्यात लिंबाजी धोत्रे पायऱ्या चढून आला. पाच पायऱ्या, पण मध्ये दोनदा बसला. क्रशरवरची पाळी संपली की तो रोज इथं पाणी प्यायला येई. वय चाळीस, दिसायला साठीचा.

“हा तुझ्या अहवालात आहे, उत्तम.”

“असणारच. तपासलेल्या प्रत्येकाची नोंद आहे. क्रमांकानं.”

भंतेजींनी तांब्या पुढे सरकवला. “लिंबाजी, फवारे होते तेव्हा कसं होतं रे?”

“भाकरीला दगडाची चव नव्हती, भंते.” लिंबाजी थोडा हसला. “बायको म्हणायची, आता तोंड वळखू येतंय तुमचं.”

“बऱ्या आहेत ना त्या?” उत्तमनी विचारलं.

“आखाडात गेली, साहेब.”

लिंबाजीनं तांब्या खाली ठेवला. “क्रशरवर तिच्या जागेवर पोरगी जातीया आता.”

“मला माहीत नव्हतं,” उत्तम म्हणाले. “पण मालकाला आम्ही लेखी शिफारस केली आहे. बारावं पान. अगदी स्पष्ट शब्दांत. त्याच्यावर ती बंधनकारक नाही, हे खरं...”

भंतेजींनी अहवाल उचलला. अकरावं पान उघडलं आणि लिंबाजीच्या तोंडासमोर धरलं.

“पान उलट, लिंबाजी. हात लावू नकोस. फुंकून उलट.”

लिंबाजीनं फुंकर घातली. पानाचा कोपराही हलला नाही. त्यानं पुन्हा घातली, आणि खोकला सुरू झाला. थांबेना.

उत्तमनी पान उलटायला हात पुढे केला.

“हात काढ!”

भंतेजींचा हा आवाज त्यांनी वसतिगृहाच्या दहा वर्षांत कधी ऐकला नव्हता.

“निरीक्षण चालू असताना मध्ये पडायचं नसतं ना तुमच्यात?”

उत्तमनी हात मागे घेतला.

खोकला बसल्यावर लिंबाजीनं तोंड पुसलं. “माझं झालं, साहेब. पोरीचं बघा.” तो उठला आणि आला तसाच, बसत बसत, खाली उतरला.

भंतेजींनी अहवाल मिटून ठेवला.

“फवारे आता कोणत्या अवस्थेत आहेत?” भंतेजींनी विचारलं.

“नव्यासारखे आहेत. कॉलेजच्या भांडारात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेत. दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली की...”

“गुंडाळले कशाला?”

“धूळ...”

उन्हं उतरली. उत्तम उठले, गुडघे टेकून वंदन केलं. आणखी ज्या कामासाठी आले होते ते आता बोलवेना, तरी बोलले.

“रविवारी अहवालाचं प्रकाशन आहे, भंतेजी. व्यासपीठावर तुम्ही असावंत, अशी सगळ्यांची इच्छा आहे. मी सकाळीच कॉलेजातून गाडी पाठवतो.”

“पाठव,” भंतेजी म्हणाले. “इकडे येताना रिकामी नको.”