चांदीचा मोर आणि हिंगशेटाचं नाक

मंडळी, एक सांगा बरं. आपल्या घराला वास कसला येतो, हे कुणाचं ऐकून खरं मानावं? घरात राहणाऱ्याचं, की बाहेरून आलेल्याचं? जेवून ढेकर देणाऱ्या पाहुण्याचं, की उंबऱ्यावरूनच परत फिरलेल्याचं? घाईने उत्तर देऊ नका. आधी हिंगशेटाची गोष्ट ऐका, मग काय ते ठरवा.

गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की तेव्हा बाजारातली वजनं दगडाची होती आणि माणसाचा शब्द लोखंडाचा.

घाटाच्या पायथ्याला एक नगर होतं. त्या नगरात हिंगाचा एक व्यापारी राहायचा. त्याचं खरं नाव लोक विसरून गेले होते. लहानथोर सगळे त्याला हिंगशेटच म्हणत. तरुणपणी खांद्यावर झोळी टाकून तो दारोदार हिंग विकायचा. शाळा त्याने पाहिली नव्हती, पण देवाने त्याला नाक असं दिलं होतं, की दहा पंडितांची विद्या एका पारड्यात टाकावी आणि दुसऱ्यात ते नाक.

वर्षातून एकदा घाटापलीकडून सौदागराचे उंट येत. चामडी पिशव्यांत हिंगाचे खडे असत. मग हिंगशेटाचा एक नेम असे. भल्या पहाटे साध्या पाण्याने आंघोळ करायची, तोंडात काही घालायचं नाही, आणि परसात उघड्या वाऱ्यावर बसून एकेक खडा फोडून हुंगायचा. "हा खरा. ह्यात डिंक. ह्यात कणीक." दोन शब्दांत निकाल! खऱ्या हिंगाच्या पुड्या बांधायच्या, त्यावर लाल लाख ओतायची आणि लाख गरम असतानाच स्वतःचा अंगठा उठवायचा.

तो अंगठा दिसला, की नगरातली कुठलीही बाई पुडी उघडून बघत नसे. हिंगशेटाची सगळी दौलत म्हणाल तर त्या अंगठ्यात होती, आणि अंगठ्याची सगळी पत त्या नाकात.

पुढे बरकत आली. हिंगशेटाने दुमजली घर बांधलं. वास्तुशांतीला सारं नगर जेवायला आलं. पंगत उठली, विडे झाले, आणि जिन्यात सोनाराची बायको शेजारणीला म्हणाली, "घर राजाचं हो, पण वास अजून झोळीचाच."

दोघी पदरात तोंड घालून हसल्या. हिंगशेट वरच्या पायरीवर उभा होता. त्याने ते ऐकलं, आणि पोटातल्या जिलेबीचं कारलं झालं.

मंडळी, टोमणा हा उसासारखा असतो. एकदा चावून थुंकावा. हिंगशेट तो महिनाभर चघळत बसला. भिंती धुवून घेतल्या, पडदे बदलले, ऊद जाळला. पण तीस वर्षांचा हिंग तो! तो काय असा जातोय?

अशात एक गंधी नगरात आला. अत्तरं विकणारा, दाढी मेंदीने रंगवलेली, बोलणं मधासारखं. त्याच्या पेटीत चांदीचा एक मोर होता. मोराच्या पोटात पाणी घालायचं, पाण्यात अत्तर, आणि खाली वातीएवढी ज्योत. मग मोराच्या चोचीतून धुक्यासारखी वाफ निघे आणि दालनभर गुलाब, केवडा, चंदन दरवळे.

हिंगशेटाने किंमत विचारली. गंध्याने सांगितली. त्या पैशात दोन दुभत्या म्हशी आल्या असत्या.

"घेतला," हिंगशेट म्हणाला.

गंधी मात्र इमानी माणूस. जाताना म्हणाला, "शेट, नेम ऐकून ठेवा. रोज एकच थेंब, आणि खिडकी उघडी. चार दिवसांनी तुम्हाला वाटेल, वास गेला. तो गेलेला नसतो, तुमचं नाक त्याला सरावलेलं असतं. तेव्हा थेंब वाढवू नका. बाहेरून आलेल्या माणसाला विचारा."

"अहो, नाकाचं मला शिकवता?" हिंगशेट हसला. "ह्या नाकावर घर उभं आहे!"

पहिल्या दिवशी एक थेंब पडला आणि घराचं नंदनवन झालं. हिंगशेट मांडी घालून मोरासमोर बसला. कुणी राजा तरी इतक्या सुखात बसला असेल का!

पाचव्या दिवशी वास येईना. त्याने दोन थेंब घातले. पंधराव्या दिवशी पळी भरून. बाहेरच्या वाऱ्याने सुगंध वाया जातो म्हणून खिडक्याही लावून घेतल्या.

"अहो, माझं डोकं दुखतंय," शेटाणी म्हणाली. "ताकालासुद्धा केवड्याचा वास येतोय. काल मांजर गेली ती शेजारीच राहिली."

"अगं, तुला गरिबीची सवय. श्रीमंती अंगी लागायला वेळ लागतो."

"मांजरालाही?" शेटाणीने विचारलं. हिंगशेटाने ते ऐकलं नाही.

पाहुणे येत, पानात वाढलेलं चापून खात आणि म्हणत, "वा शेट, स्वर्ग, स्वर्ग!" दाराबाहेर पडले, की ओट्यावर उभं राहून चार वेळा मोठ्याने श्वास घेत. हिंगशेटाने स्वर्ग ऐकला. श्वास त्याला दिसले नाहीत.

एक दिवस तर खिडकीच्या फटीतून दोन मधमाश्या आत शिरल्या. मोराभोवती त्यांनी दोन घिरट्या घातल्या, चोचीवर बसल्या, आणि ज्या फटीतून आल्या तिथूनच निघून गेल्या. माशी ती, पण तिला तेवढं कळलं.

मग सौदागराचे उंट आले.

आता बघा, चूक कुठे झाली. एवढं देखणं दालन असताना पहाटे परसात उकिडवं कोण बसणार? हिंगशेटाने सौदागराला दालनात बोलावलं. लोड मांडला, सरबत काढलं, आणि पिशव्या मोराशेजारीच उघडायला सांगितल्या. सौदागर उंबऱ्यातच थबकला. त्याने मोर पाहिला, बंद खिडक्या पाहिल्या, हिंगशेटाचं समाधानी तोंड पाहिलं. बाहेर जाऊन त्याने दुसऱ्या उंटावरच्या पिशव्या आत आणवल्या.

हिंगशेटाने खडा फोडला. हुंगला. गुलाब. दुसरा हुंगला. केवडा. तिसरा नाकाला घासला, तरी काही नाही. "उद्या परसात बघतो," एवढंच म्हणायचं होतं. पण सौदागर समोर बसलेला. नाक चालत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"उत्तम माल," हिंगशेट म्हणाला. लाख तापली, आणि तीनशे पुड्यांवर अंगठा उठला.

महिना गेला. नगरात आमटीला चव येईना. बायकांनी फोडणीला दोष दिला, तेलाला दिला, सुनांना तर फारच दिला. अंगठ्याला कुणी दोष दिला नाही. अंगठा कसा चुकेल?

त्या नगरात ठकूआक्का नावाची पापडवाली होती. वाळलेली, काटक, बोलायला फटकळ. तिचे उडदाचे पापड पाच गावांत जात. एक दिवस दुपारी ती हिंगाची पुडी घेऊन हिंगशेटाच्या दाराशी आली. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तो मागे घेतला.

"शेट, बाहेर या. मला आत यायचं नाही."

"का गं आक्का? ये की, आत नुसता स्वर्ग आहे."

"स्वर्गात मेल्यावर जाईन, घाई नाही. मला एवढंच सांगा, पापड माझा चुकला की हिंग तुमचा? तीस वर्षं पीठ मळतेय. हात माझा चुकत नाही. अंगठा तुमचा चुकत नाही. मग पापडाला चव का नाही?"

हिंगशेटाने तिच्या हातची पुडी नाकाला लावली, उलटी करून पुन्हा लावली. ठकूआक्काने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग ओट्यावरचा तांब्या उचलला, शेटाणीकडून वाटी घेतली, पाणी ओतलं आणि पुडीतला खडा त्यात टाकला.

खरा हिंग पाण्यात दुधासारखा पांढरा होतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वाटीतलं पाणी स्वच्छ राहिलं. तळाला कणकेचा गोळा बसला.

हिंगशेट ओट्यावर बसला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "आक्का, हिंग गेला वास राहिला, असं लोक म्हणतात. माझं उलटं झालं. हिंग राहिला घरात, आणि वासच गेला!"

ठकूआक्काला हसू आवरेना. "तरी बरं, जीभ शाबूत आहे. उठा आता. माझ्या अंगणात चला. तिथे ऊन, वारा आणि उडदाचं पीठ, एवढंच आहे. नाकाला जरा उपास घडवा."

आठ दिवस हिंगशेट तिच्या अंगणात पापड राखत बसला. कावळे हाकलले, पापड उलटे केले, येणाऱ्याजाणाऱ्याचे टोमणे खाल्ले. पाचव्या दिवशी त्याला तापलेल्या मातीचा वास आला. सातव्या दिवशी दूरच्या गोठ्याचा. आठव्या दिवशी वाऱ्यावर एक ओळखीची उग्र झुळूक आली, आणि त्याने स्वतःचे हात हुंगले. तीस वर्षांचा हिंग तिथेच, बोटांच्या पेरांत, मुकाट बसलेला होता. हिंगशेटाच्या डोळ्यांत पाणी आलं.

नवव्या दिवशी तो घरी आला. दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरला. तळघरात कुजत पडलेल्या हारांच्या ढिगावर कुणी साखरेचा पाक ओतावा, असा वास होता तो. "अगं, ह्यात तू कशी राहिलीस?"

"तुम्हाला विचारलं होतं की," शेटाणी म्हणाली आणि एकेक खिडकी उघडत गेली.

आता खरी कसोटी होती. ठकूआक्का कुणाला काही बोलली नव्हती. तो गप्प राहिला असता, तर बाकीच्या पुड्या संपल्या असत्या, सुनांनी बोलणी खाल्ली असती, अंगठा वाचला असता. हिंगशेटाने रात्रभर विचार केला नाही, पानसुद्धा खाल्लं नाही. तसाच उठला आणि दवंडी पिटवली. "ऐका हो ऐका! हिंगशेटाचं नाक गेलं होतं! ह्या सालची पुडी खोटी आहे! परत आणा, दाम घ्या, आणि सुनांची माफी मागा!"

नगर हसलं. पोट धरधरून हसलं. पण हसता हसता पुड्या घेऊन आलं. त्या साली हिंगशेटाला नफा दिसला नाही. पुढच्या साली मात्र पाच गावांची गिऱ्हाइकं दारात उभी राहिली. चुकला की स्वतः सांगतो, असा अंगठा दुसरीकडे कुठे मिळणार?

पुढल्या खेपेला सौदागर आला, तेव्हा त्याला पहाटे परसात बसवलं, सरबताशिवाय. तो खोट्या पिशव्या उंटावरून उतरवायच्या भानगडीतच पडला नाही.

मोर काही हिंगशेटाने विकला नाही. सणासुदीला, खिडक्या उघडून, एक थेंब. आणि दारात ठकूआक्काला उभी करून विचारायचं, "आक्का, वास कसा?" ती म्हणायची, "जरा चंदन, जरा हिंग. माणसं राहतात असं वाटतं." मांजरही परत आली होती.

म्हणून सांगतो, मंडळी: रोजच्या वासाला आपलं नाक फसतं, तेव्हा घराची खबर उंबऱ्याबाहेरच्या खरं बोलणाऱ्याला विचारावी.

आणि जाता जाता एक विनंती. हिंगशेटाच्या वहीत त्या सालच्या पानावर, नफ्याच्या जागी, त्याने एवढंच लिहवून ठेवलं होतं: 'ह्या साली नाक चुकलं.' तुमच्याही वहीत तेवढं एक पान राखा, आणि ते खरं लिहा.