ढोलीतला चोर

माणसांना कॉलेज सुचायच्या आधीची गोष्ट. रानात घोरपडबाई शिकवायच्या आणि लांबलांबची पोरं तिथे शिकायला यायची. खारीचा पोरगा झुपक्या त्यातलाच. एका झाडाच्या बुंध्यातल्या ढोलीत तो राहायचा. आई महिनाभर पुरतील एवढ्या चारोळ्या पाठवायची आणि पंधरवड्यातच हा ओरडायचा, "चोरी झाली!"

शेजारच्या बिळातल्या साळूमावशीचे ऐकून ऐकून कान किटले. "या खेपेला मीच राखण करते," ती वैतागून म्हणाली, "म्हणजे तुझी बोंब तरी थांबेल."

नव्या चारोळ्या आल्या आणि मावशी ढोलीपाशी बसली. सकाळीच झुपक्या आला. "मूठभरच घेतो गं, मित्र आलेत." मावशीने पाठीवरचा एक काटा उपटून जमिनीत रोवला. मग पोपटाचा वाढदिवस निघाला. मग माकडांच्या सहलीची वर्गणी. मग अभ्यास झाला म्हणून जरा तोंडात टाकायला. दर वेळी "मूठभरच", आणि दर वेळी एक काटा.

संध्याकाळी झुपक्याने विचारलं, "मावशी, चोर आला होता?"

"आला की! जितक्यांदा आला, तितके काटे रोवलेत. बघ."

"एवढ्यांदा? आणि तू त्याला धरलं नाहीस?"

"मेल्या, दर वेळी माझ्याशी बोलून गेला तो!"

झुपक्याने काट्यांकडे पाहिलं, ढोलीत डोकावलं आणि शेपूट तोंडावर ओढून घेतलं. शेपटाआडून तो हळूच म्हणाला, "मावशी, उद्याही बसशील ना राखणीला?"

"माझी पाठ बोडकी झाली रे बाबा," साळूमावशी बिळात शिरता शिरता म्हणाली. "उद्यापासून तूच बस."