मुठीतलं उजेडाचं पिल्लू

रानाच्या कडेला, करवंदीच्या जाळ्या सुरू होतात तिथं, मातीच्या झोपडीत धुरपी राहायची. नऊ वर्षांची पोर आणि एकटी. आई गेल्या थंडीत वारली, बापाचं तोंड तिनं पाहिलंच नव्हतं. भाकरी थापायची ती एकच. बोलायला होती एक ठिपक्यांची कोंबडी. तीही खुडूक, दिवसभर फुगून अंड्यांवर बसलेली. तिच्याशी काय बोलणार, कपाळ!

गाव म्हणायचं, आम्ही पोरीला टाकलं नाही. खोटं होतं ते. बायका सकाळी यायच्या, उंबऱ्यावर अंड्यांची टोपली नि मूठभर पीठ ठेवायच्या, आत न डोकावता चालत्या व्हायच्या.

अंडी पारखायचं काम धुरपीला आईनं शिकवलेलं. आठ दिवस उबवलेल्या अंड्यांतलं जिवंत कुठलं नि रिकामं कुठलं, हे ती सांगायची. त्यासाठी खिडकी सदा बंद. छपरातलं एक कौल फुटलेलं, तेवढ्यातून उन्हाचा कवडसा आत उतरायचा, सोन्याच्या छडीसारखा. धुरपी त्यात अंडं धरायची. रिकामं अंडं पिवळट-पांढरं उजळायचं, आत कुणीच नाही. जीव धरलेल्यात मात्र कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बारीक तांबड्या शिरा, आणि मधोमध इवलासा ठिपका, टुकटुक हलणारा.

बाहेरून पोरं ओरडायची, "घुबडे, ए घुबडे! अंधारात काय खातेस गं?" सगळ्यांत मोठा आवाज इंदीचा.

एके दिवशी अंडी लवकर संपली. धुरपीनं सहज आपलाच हात कवडशात धरला. बोटं पळसाच्या फुलांसारखी लाललाल झाली! तिनं उलटसुलट करून पाहिलं. हलणारा ठिपका कुठंच नव्हता.

"मी रिकामी आहे," ती कोंबडीला म्हणाली. "माझ्या आत कुणी नाही."

कोंबडीनं मान फिरवली. धुरपीच्या डोळ्यांतून एक थेंब निसटला, कवडशातून खाली पडता पडता लुकलुकला आणि फुटला. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा… भिंतभर रंगांचे चिमुकले तुकडे नाचायला लागले. कवडशातली धूळ चांदीसारखी चमचमली, आणि त्या चमचमाटात उभी राहिली करंगळीएवढी परी! जांभळा परकर, काचेसारखे पंख, पंखांतून आरपार भिंत दिसतेय.

"माझ्या कवडशात तू कधी चिखल उडवला नाहीस," परी म्हणाली. "शेकडो अंडी धरलीस, एक फोडलं नाहीस. माग काय हवं ते. पण एकच."

धुरपीला विचार करावा लागला नाही. "सोबत."

परीनं तिच्या तळव्यावर उजेडाचा एक दाणा ठेवला, ज्वारीएवढा. "मूठ मिट. कोंबडीसारखी ऊब दे. कवडसा सरकत सरकत त्या कोपऱ्यातल्या उखळाला टेकला की उजेडाचं पिल्लू बाहेर येईल. जन्मभर तुझ्या खांद्यावर बसेल, तुझ्याशी बोलेल. पण नियम ऐक. ते पिल्लू तुझ्या एकटीचं, दुसऱ्या कुणाला त्याचा उजेड दिसायचा नाही. आणि आधी मूठ उघडून दाणा दुसऱ्यासाठी वापरलास, तर तो तिथंच संपेल. दुसरा माझ्याकडं नाही."

एवढं बोलून परी धुळीत विरघळली.

धुरपी मूठ छातीशी धरून बसली. मूठ आतून लालबुंद उजळलेली, आणि आत बारीक आवाज, टुक… टुक. चोच मारत होतं ते! धुरपीनं त्याचं नावसुद्धा ठरवलं. कवडसा सरकत होता. उखळ चार बोटांवर आलं. तीन बोटांवर.

तेवढ्यात दारात कुणीतरी धापा टाकत बसलं. इंदीची आई. पाठीवर इंदी, मान टाकलेली, घुबडेबिबडे काही न म्हणणारी.

"पोरी, घोटभर पाणी दे गं. डोंगरापलीकडं वैदूकडं चाललेय. बाभळीचा काटा मोडलाय हिच्या पायात, तीन दिवस झाले. सुईनं कोरकोर कोरलं, सापडत नाही मेला. पायाचा भोपळा झालाय, अंग भट्टीसारखं तापलंय. पोर टिकते का नाही, देव जाणे."

धुरपीनं डाव्या हातानं पाणी दिलं. उजवी मूठ गच्च. कवडसा उखळापासून दोन बोटांवर. फक्त दोन बोटं! आणि ही इंदी. घुबडी म्हणणारी. वैदूनं बघावं तिला, आपल्याला काय?

इंदीची आई पदर खोचून उठली. इंदी हळूच कण्हली, "आई, अंधार वाटतोय गं."

अंधार काय असतो ते धुरपीला कुणी सांगायला नको होतं.

"काकू, थांबा. हिला आत आणा. अन् सुई काढा."

तिनं इंदीचा सुजलेला पाय कवडशात धरून पाहिला, उजेड आरपार जाईना. मग पाय मांडीवर घेतला आणि तळव्याखाली मूठ उघडली. उजेड पायातून आरपार निघाला. अख्खा पाय जास्वंदीसारखा लाल झाला, शिरांची नक्षी उमटली, आणि अंगठ्याच्या मुळाशी, खोल, एक काळी रेघ दिसली.

"तो बघा काटा! आडवा शिरलाय, तुम्ही उभं कोरत होतात."

इंदीची आई डोळे पुसत वाकली. सुईचं टोक गेलं, पू भळकन वाहिला आणि काटा बाहेर आला. इंदी किंचाळली, मग हुंदके देत देत शांत झाली. आणि धुरपीच्या तळव्यावरचा दाणा मिणमिणला, विझला. टुकटुक थांबली.

मायलेकी गेल्यावर कवडसा उखळाला टेकला. धुरपी रिकामा हात घेऊन बसलेली. कवडशात परी उभी होती.

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय," धुरपी म्हणाली. ती खोटं बोलत नसे. "पण असू दे. मी रिकामीच. हात उजेडात धरून पाहिलाय मी."

"कसा दिसला?"

"लाल."

"आणि रिकामं अंडं कसं दिसतं गं, पारखीणबाई?"

"पांढरं… पिवळट."

"आणि लाल कुठलं?"

धुरपीनं हात पुन्हा कवडशात धरला. बोटं लाललाल उजळली. दुसरा हात छातीवर ठेवला. आत टुक… टुक. हे आधीपासूनच आत होतं की काय?

चार दिवसांनी दार वाजलं. पायाला फडकं बांधून इंदी उभी, हातात एकच अंडं.

"ए घु…" तिनं जीभ चावली. "ए धुरपे. आईनं दिलंय. बघतेस?" मग खाली बघून, "मला पण बघू दे ना."

तिला आत घेऊन धुरपीनं दार लोटलं. आधी अंडं धरलं, मग इंदीचा हात ओढून आपल्या हाताशेजारी धरला. दोन लाल तळवे, दहा लाल बोटं.

"अगंबाई! कुठला हात कुणाचा?" इंदी खुदकन हसली.

कवडशातली धूळ एकदाच चमचमली, निळी, जांभळी, सोनेरी. काचेचे पंख उजेडात उजेड होऊन गेले. आत उरल्या दोन पोरी आणि एक खुडूक कोंबडी. आणि त्या दिवशी धुरपीनं भाकऱ्या थापल्या दोन.