कल्याची दवंडी

"आठ दिवसांत 'कल्या' हा शब्द कांबरगडातून नाहीसा झाला पाहिजे! नाहीतर त्या दवंडीवाल्या सटवाजीची जीभ छाटा!"

महाराज रणधवलांनी भर दरबारात हुकूम सोडला. शिपायांनी सटवाजीला धरून कोठडीत टाकलं.

आता हा कल्या आला कुठून? तांबट आळीतून. पितळी भांड्याला कल्हई नसली की त्यातलं ताक कळकतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. एकदा दिवाण राघोपंत आळीत आले आणि तरुणांना दोन तास उपदेश करून गेले. त्यांची पाठ वळताच कुणीतरी म्हणालं, "माणूस बिनकल्हईचा आहे! जवळ बसलं की चांगला दिवस नासतो!"

झालं! पुढच्या गल्लीत त्याचं 'बिनकल्या' झालं. त्याच्या पुढच्या गल्लीत 'बिन'सुद्धा गळालं आणि उरला नुसता कल्या. ज्या शब्दाचा सगळा जीव कल्हई नसण्यात होता, त्यातलं 'नसणं'च पडून गेलं! पण अडलं कुणाचं? रटाळ माणूस कल्या, करपलेली भाकरी कल्या, लांबलेलं कीर्तन तर महाकल्या.

हे पंतांच्या कानावर गेलं. वय झालं की माणसाला दोनच गोष्टी जडतात, खोकला आणि बंदी घालायची खोड. पंतांना खोकला आधीच होता. त्यांनी महाराजांकडून बंदीचा हुकूम काढून घेतला आणि सटवाजीच्या हाती हलगी दिली. बिचारा बेचाळीस गावं फिरला. "ऐका हो ऐका! आजपासून कुणी कुणाला कल्या म्हणायचं नाही हो!"

तोवर शब्द तीन गल्ल्यांत होता. दवंडीनं तो बेचाळीस गावांत पोचवला! ज्यांना ठाऊक नव्हता त्यांनी शेजाऱ्याला अर्थ विचारला आणि लगेच वापरायलाही घेतला. दसऱ्याला महाराजांची स्वारी निघाली, तर कुठल्याशा माडीवरून आरोळी आली, "हत्ती कल्या! वर बसलाय तो त्याहून कल्या!"

म्हणून महाराज भडकले होते.

तेवढ्यात सटवाजीची मुलगी हौसा शिपायांना ढकलून दरबारात घुसली.

"महाराज, माझ्या बानं तुमचाच हुकूम सांगितला! त्याची जीभ कशापायी?"

"शब्द त्याच्याच तोंडून पसरला!" पंत ओरडले.

"पंत, बंदी कशावर आहे हे सांगायला नाव घ्यावंच लागतं. तुम्ही काय खाणाखुणांनी दवंडी दिली असती?"

दरबारात खसखस पिकली. महाराज म्हणाले, "पोरी, तुझी जीभ बापापेक्षा लांब दिसते! मग तूच काढून दाखव तो शब्द लोकांच्या तोंडून. नाही जमलं तर दोन जिभा!"

"काढते. पण मला एक हुकूम पाहिजे."

"कसला? फटक्यांचा?"

"नाही. चाळिशीच्या वरच्या प्रत्येकानं रोज निदान दहा वेळा कल्या म्हणायचं! देवळात, कचेरीत, घरात, पोरांच्या देखत!"

"ही शब्द मारते आहे की पोसते आहे?" पंतांना खोकल्याची उबळ आली.

पण महाराजांना गंमत वाटली. हौसानं बापाची हलगी गळ्यात अडकवली आणि स्वतःच दवंडी दिली.

पहिल्या दिवशी म्हातारे लाजले. दुसऱ्या दिवशी सरावले. तिसऱ्या दिवशी चेकाळले! जेवताना बाप मुलाला डोळा मारून म्हणू लागले, "काय रे, आजचं ताक जरा कल्या आहे, नाही?" मुलाचा घास घशात अडकला. अनंतशास्त्र्यांनी प्रवचनात या शब्दाचं मूळ थेट ऋषिमुनींपर्यंत नेऊन भिडवलं. राघोपंत तर स्वतः तांबट आळीत गेले आणि तरुणांना म्हणाले, "तुम्ही चुकीचं बोलता. 'कल्या' नव्हे, 'कल्ह्या'! कल्हईतला ह स्पष्ट आला पाहिजे. म्हणा माझ्यामागून!"

पोरं एकेक करून सटकली. आळी रिकामी झाली.

आठव्या दिवशी महाराज डोक्यावरून घोंगडी घेऊन त्याच आळीत जाऊन बसले. सकाळपासून दुपारपर्यंत कान टवकारून ऐकलं. एकाही तरुण तोंडातून कल्या निघाला नाही. शेवटी न राहवून त्यांनी एका तांबटाच्या पोरीला विचारलं, "काय गं, तुम्ही कल्या म्हणत नाही?"

"शी! आमचा आज्जा म्हणतो ते!" असं म्हणून ती निघूनसुद्धा गेली.

महाराज दरबारात परतले. पंत मात्र हटेनात. "महाराज, अट पुरी झाली नाही! शब्द गेला कुठे? आमच्या सगळ्यांच्या तोंडात आहे की अजून!"

"ते तर सगळ्यात सोपं, पंत!" हौसा म्हणाली. "महाराज, माझा हुकूम मागे घ्या, म्हणजे जुनी बंदी पुन्हा लागू. पोरांनी बंदी कधी पाळली नाही, पण ही मंडळी पाळतील. यांनी जन्मभर दुसरं केलंय काय?"

महाराजांनी हुकूम मागे घेतला. पंतांनी मान लववली, "जशी आज्ञा!" आणि तोंड मिटलं. शब्द संपला. सटवाजी जिभेसकट बाहेर आला.

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं. "हौसा, हे तुझंच. फक्त एक सांग. कल्या गेला, तर आता ही पोरं आम्हाला काय म्हणतात?"

"ते नाही सांगणार, महाराज."

"का? राजाला नाही म्हणतेस?"

"कालच निघालाय हो, चांगला शब्द आहे! तुमच्या तोंडी गेला तर उद्यापर्यंत मरेल बिचारा!"

महाराज आधी लाल झाले. मग पोट धरून असे हसले की सिंहासन करकरलं! हसता हसताच त्यांनी कडं हौसाच्या हातात चढवलं, आणि दुसऱ्या हातासाठी जोडीचंही काढून दिलं.