मालकांच्या कारखान्याचा आराखडा

पंपांच्या कारखान्याचे मालक रणधीरराव मोहिते शाळेच्या संस्थेचे अध्यक्षही होते. गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. शेटेबाई दहावीच्या मुलांना धंद्याचं नियोजन शिकवतात हे कानावर येताच ते तडक वर्गात येऊन उभे राहिले.

"बाई, हा तास उद्यापासून बंद. पुढल्या पाच वर्षांचा विचार मालकानं करायचा असतो. ही पोरं शेवटी माझ्याच कारखान्यात कामाला येणार. यांना कशाला हवंय नियोजन?"

बाईंचा चेहरा पडला. ते पाहून हर्षदा लोहारच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचे वडील त्याच कारखान्यात कामाला होते, तरी ती उठलीच.

"साहेब, आम्ही तुमच्याच कारखान्याचा आराखडा केलाय. जमेच्या बाजू भरपूर निघाल्या. धोका मात्र एकच, पण मोठा आहे."

रणधीरराव हसले. "कसला धोका?"

"पाच वर्षांनी तिथं काम कोण करणार, असं आम्ही वर्गात विचारलं. बेचाळीस जणांत एकानंही हात वर केला नाही."

"का? पगार कमी देतो मी?"

"पगार चांगला आहे, साहेब. पण तिथं माणसाला तोंड उघडू देत नाहीत, हे आम्ही घरोघरी ऐकतो. आम्हाला नियोजन लागो न लागो, तुम्हाला लागणार आहे."

रणधीररावांनी सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. "खरंच कुणी येणार नाही?"

एकही हात वर झाला नाही.

"चालू द्या तास," एवढंच बाईंना म्हणून ते बाहेर पडले.