गोंड्याची जट

"पण माई, जट कापली तर कोप होत नाही का?"

विश्वंभरनं हे विचारलं तेव्हा सरूमाई कात्रीची धार अंगठ्यावर बघत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुनाचा?"

दत्ताचं नाव विश्वंभरच्या ओठांवर आलं होतं, पण माईंसमोर ते घ्यायची त्याला लाज वाटली.

ओसरीवर दोघांच्या मध्ये गोंडा पडला होता. पांढरा, लांब केसांचा, मांडीत मावेल एवढा कुत्रा. कुणीतरी हौसेनं पाळलेला आणि हौस फिटल्यावर नदीकाठच्या या मठाच्या पायऱ्यांवर सोडून दिलेला. त्याची कातडी जन्माचीच हळवी. साबण लागला की चट्टे उठत, केस ओले राहिले की खाज सुटे. माई त्याला नुसत्या पाण्यानं न्हाऊ घालत, जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपून घेत आणि रोज संध्याकाळी पायरीवर बसून विंचरत.

पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांना आजारी गुरुबहिणीकडे जावं लागलं. जाताना मठ त्यांनी विश्वंभरच्या हवाली केला. पूजा कशी, नैवेद्य कधी, यातलं काही सांगितलं नाही. ते त्याला पाठच होतं. गोंड्याला कसं न्हाऊ घालायचं आणि कसं विंचरायचं, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगितलं.

विश्वंभरला ते लागलं. संस्कृत शिकून आलेला मुलगा, उपनिषदं तोंडपाठ, आवाज असा की आरतीला नावाडी वल्हं थांबवून ऐकत. घरदार सोडून तो आला होता ब्रह्म जाणायला. कुत्र्याचे केस विंचरायला का कुणी घर सोडतं? सुरुवातीला त्यानं नाक मुरडत का होईना फणी फिरवली. मग एखादा दिवस राहून जाऊ लागला. मग फणी केसांतून जाईनाशी झाली, तेव्हा त्यानं ती फळीवर ठेवून दिली.

आंघोळ मात्र तो घाली. विहिरीच्या गार पाण्याची बादली उपडी केली की त्याचं काम संपलं. पुसत बसायला त्याला सवड नव्हती.

ओले केस गुंतत गेले आणि गुंत्यांचे जाड दोर झाले.

खालच्या गावच्या बायडाबाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं. त्यांचा एकुलता मुलगा झाडावरून पडून कमरेखाली लुळा झाला होता. त्या दर गुरुवारी देवाला साकडं घालायला येत. गोंड्यापुढे त्या थबकल्या, हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, "म्हाराज, ह्याला जट आली."

हे नुसते केस आहेत, मी विंचरले नाहीत... एवढंच सांगायचं होतं. पण त्याला महाराज असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"त्याची इच्छा," विश्वंभर म्हणाला.

दत्ताच्या पायाशी कुत्री असतातच. त्यातल्या एकाला जट आली म्हटल्यावर गाव लोटायला कितीसा वेळ लागणार? हळदकुंकू आलं, नारळ आले, जटेवर घालायला तेल आलं. लोक भक्तीनं तेल थापत आणि गोंडा स्वतःचीच कूस चावत राही. तो थरथरू लागला की संचार झाला म्हणत. लोक गेल्यावर तो कण्हत पडे, तेव्हा विश्वंभर मोठ्यानं पोथी वाचायला घेई. पुढेपुढे गोंड्याच्या अंगाला वास येऊ लागला. विश्वंभरनं धूप वाढवला.

लोक देवाकडे वळताहेत, यात वाईट काय, असं तो मनाशी म्हणे. मनही भलतं आज्ञाधारक. काही नाही, म्हणे.

पावसाळा सरता सरता, आज सकाळी माई परतल्या. पायऱ्या चढतानाच त्या थांबल्या. धुपाआडचा वास त्यांना बरोबर कळला होता.

"धर त्येला," आता त्या म्हणाल्या.

विश्वंभरनं गोंड्याला मांडीवर घेतलं. माईंनी पहिला दोर बुडाशी कापला. तो उचलताना खालचं सालही त्याच्याबरोबर आलं. आत तेल आणि कुंकवाचा लगदा साचला होता. लगद्याखाली कातडी नव्हतीच. तिथं लाल मांस होतं आणि त्यात किडे वळवळत होते.

विश्वंभरनं तोंड फिरवलं. माईंनी दोन बोटांनी त्याची हनुवटी धरली आणि पुन्हा खाली वळवली.

"बघ."

तो बघत राहिला. गोंडा चावला नाही, ओरडलाही नाही. चावला असता तर बरं झालं असतं, असं विश्वंभरला वाटलं. माई तरी चार शब्द सुनावतील म्हणून तो वाट बघत होता. त्या किडे वेचत होत्या.

उन्हं चढली आणि लोक येऊ लागले, गुरुवारच होता. सगळ्यांत पुढे बायडाबाई. ओसरीवर पडलेले दोर बघितले आणि त्या मटकन खालीच बसल्या. परवाच त्यांच्या मुलाच्या पायाचा अंगठा हलला होता. जटेचाच तो गुण, अशी त्यांची खात्री होती. आता काय होणार? कुणी कापली, असं त्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत विचारू लागल्या.

माईंनी फक्त विश्वंभरकडे पाहिलं.

तो उठला.

"ती जट नव्हती," तो म्हणाला. "गुंता होता. मी विंचरलं नाही, पुसलं नाही, म्हणून झालेला. मला माहीत होतं. मी बोललो नाही. मला महाराज म्हणवून घ्यायचं होतं... आणि हा त्याखाली सडत होता."

बायडाबाईंचे डोळे भरून आले. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आमच्यावरचा कोप सोताच्या अंगावर घेताय, म्हाराज. एवढं मोठं मन कुनाचं असतंय?"

त्यानं पाय ओढून घेतले. त्यात त्यांना त्याची नम्रता दिसली. मागचे लोकही एकेक करून वाकू लागले. तो नको नको म्हणत राहिला, खरं तेच पुन्हा सांगत राहिला, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी हात जोडत होतं. जाताना बायडाबाईंनी एक दोर उचलून मुलाच्या उशाखाली ठेवायला पदरात बांधला. ते बघून बाकीच्यांनीही उरलेले उचलले. ओसरीवर एक केस राहिला नाही.

गोंडा माईंच्या मांडीवर होता. दिवस कलायच्या आधी त्याचा श्वास थांबला.

लोक केव्हाच गेले होते. अंगणात विश्वंभर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. त्याला रडू फुटलं ते गोंड्यासाठी की स्वतःसाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"माई, गप्प राहिलो तेव्हा त्यांनी मानलं," तो म्हणाला. "खरं सांगितलं तर आणखीच मानलं. आता मी काय करू?"

"चुलीवरचं पानी आन," माई म्हणाल्या.

त्याला वाटलं, माईंना हात धुवायचे असतील. तो पातेलं घेऊन आला तेव्हा माईंनी गोंड्याला आंघोळीच्या दगडावर निजवलं होतं, आणि स्वतः बाजूला सरकून त्याच्यासाठी जागा केली होती.

विश्वंभर खाली बसला. त्यानं तांब्या भरला. पाण्यातून वाफा निघत होत्या. तांब्या कलता करताना त्याचा हात अडला.

"माई... तो गेलाय."

"व्हय." माईंनी तांब्यात बोट बुडवलं आणि चटकन बाहेर काढलं. "जरा गार पान्याचं विसण घाल. त्येची कातडी नाजूक हाय."