समाधीवरचा तरवड

"तुळस न्हाय, चाफा न्हाय... तुमच्या समाधीवर तरवड लावायचा, म्हाराज?"

सटवाजीला हे पटेना. हिरागीर महाराजांचा खोकला आता जाणारा नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. मठाच्या बागेत त्यांनी आपल्या समाधीची जागा दाखवून ठेवली होती. तिथंच त्यांनी माळावर आपोआप वाढणाऱ्या तरवडाचं रोप लावायला सांगितलं होतं.

"त्याला शेळीबी तोंड लावत न्हाय."

"म्हणून तर. राखणीला कुणी बसायला नको."

"आन् पाणी?"

"रुजेपर्यंत घाल. मग त्याच्या वाटेला जाऊ नकोस."

पण सटवाजीला आपल्या सेवेचा भारी अभिमान. घरदार सोडून तो मठात आला होता आणि त्याच्याइतकं इथं कुणी राबलं नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. गुरूच्या समाधीवरचं झाड सुकलं तर लोक तोंडात शेण घालतील! महाराजांचा डोळा लागला की तो विहिरीवरून भरली घागर आणायचा आणि रोपाच्या बुडाशी ओतायचा.

दसऱ्याच्या सुमाराला सारा माळ तरवडानं फुलला. बागेतल्या रोपाची मात्र पानं गळाली.

महाराज भिंतीला धरून बाहेर आले.

"उपट."

ओढावंही लागलं नाही. मुळं काळी पडली होती, त्यांना कुजका वास येत होता. सटवाजी मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"मीच मारलं, म्हाराज... एवढा जीव लावला..."

महाराज त्याच्याशेजारी टेकले.

"तुझी आई कशी आहे?"

"दिसत न्हाय म्हनं तिला आता... बाजारला आलेली मानसं सांगत हुती."

"आणि तू इथंच?"

"मी कसा जाऊ? तुमचं कोन करंल? तुमच्यामागं हितं दिवा कोन लावंल?"

महाराजांनी उपरण्याची गाठ सोडली. आतून तरवडाची एक वाळकी शेंग काढून त्याच्या चिखलानं भरलेल्या हातावर ठेवली.

"आत्ताच पेर. पेरून झालं की आईकडं जा."

"आन् तुमाला मातीत कोन ठेवंल?"

"गावची माणसं आहेत."

सटवाजीनं शेंग फोडून बी मातीत टाकलं. त्याला वर बघवेना.

"पुन्हा कवा येऊ, म्हाराज?"

महाराजांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत तो थांबला...

"उगवलं का, ते बघायला येऊ नकोस."